मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पहिल्यांदा जाताय? खान्देशातून निघण्याआधीची तयारी

जळगावच्या, धुळ्याच्या किंवा शहाद्याच्या डॉक्टरांनी ‘एकदा मुंबईला दाखवून या’ म्हटलं, की घरात धावपळ सुरू होते. कोणी गाडी ठरवतं, कोणी पाहुण्यांना फोन लावतं, आणि आज रात्रीच निघू असा आग्रह धरणारा एक तरी जण असतोच. माझं म्हणणं असं आहे की जिवावरचं काही नसेल तर दोन दिवस थांबा आणि तयारीनिशी निघा. दम लागतोय, छातीत दुखतंय, रक्त थांबत नाही, माणूस शुद्धीवर नाही, असं असेल तर मुंबईचा विचारच करू नका. 108 ला फोन करा आणि जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

थांबा म्हणतो त्याला कारण आहे. चारशेवर किलोमीटर जाऊन ‘तपासणीच्या स्लाइड कुठे आहेत? त्या घेऊन या’ एवढंच ऐकून परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. पेशंट थकलेला, खिशातले पैसे संपलेले, आणि काम मात्र जिथल्या तिथे. मोठ्या दवाखान्याची पहिली फेरी ही बहुतेक वेळा औषधोपचाराची नसतेच. नाव नोंदवणं, तपासणं, आधीचे रिपोर्ट पुन्हा पडताळणं, नव्या तपासण्या सांगणं आणि मग निर्णय, अशा क्रमाने ती जाते. यातलं निम्मं काम घरी बसून होतं.

खाली उदाहरणं परळची जास्त आहेत, कारण आपल्याकडचे पेशंट कर्करोगाच्या टाटा मेमोरियलला, समोरच्या केईएमला आणि लहान मुलं असतील तर वाडियाला जास्त जातात. पण हृदय, किडनी, मेंदू, कशासाठीही आणि नाशिक, पुणे, सुरत कुठेही जायचं असलं तरी तयारी जवळपास हीच.

आधी आपल्याच डॉक्टरांकडे परत जा

त्यांच्याकडून नीट चिठ्ठी लिहून घ्या. ‘पुढील उपचारासाठी पाठवत आहे’ एवढी एक ओळ पुरत नाही. आजार काय वाटतो, त्रास कधीपासून आहे, आतापर्यंत काय उपचार दिले, त्याने फरक पडला का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि नेमकं कशासाठी पुढे पाठवताय, इतकं त्यात हवं. डॉक्टर घाईत असतात, पण समोर बसून नम्रपणे मागितलं तर बहुतेक जण लिहून देतात. त्यांचा फोन नंबरही चिठ्ठीवर असू द्या. मुंबईचे डॉक्टर कधी कधी थेट फोन करून विचारतात.

याच भेटीत आणखी एक विचारा: हे काम जवळ कुठे होऊ शकतं का? धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगाव-नंदुरबारलाही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कर्करोगासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि जळगाव जिल्ह्याच्या बऱ्याच गावांना ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडतं. मुंबई म्हणजेच चांगला इलाज हा समज आपल्याकडे घट्ट आहे. काही आजारांत तो खरा असतो, काहींत नसतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते कळत नाही.

फाईल लावा

हे काम घरातल्या शिकलेल्या मुलावर किंवा मुलीवर सोपवा आणि एक अख्खी संध्याकाळ त्याला द्या. पिशवीतले सगळे कागद खाटेवर पसरा. औषधांची बिलं, एकाच रिपोर्टच्या तीन झेरॉक्स, दुसऱ्याच कोणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट, सगळं त्यात निघतं. बिलं वेगळ्या पाकिटात घाला. ती फेकू नका, योजनेसाठी किंवा विम्यासाठी लागू शकतात. उरलेले रिपोर्ट तारखेनुसार लावा, सगळ्यात नवा वर. पंचिंग करून साध्या फाईलला लावले तरी चालतं. मूळ कागदांची एक फाईल, झेरॉक्सची दुसरी, आणि सगळ्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये. फोटो काढताना पान सपाट ठेवा आणि तारीख दिसते ना ते बघा.

पहिल्या पानावर तुमच्या हाताने लिहिलेला एक कागद लावा. पेशंटचं नाव, वय, वजन, रक्तगट. मग त्रासाची हकीकत, महिन्यांच्या हिशोबाने: ‘पोळ्याच्या सुमारास गिळताना अडकायला लागलं, दिवाळीत फक्त पातळ जेवण जायचं, आता पाणीही अडकतं.’ आपली माणसं तारखा सणांवर आणि शेतीच्या कामांवर लक्षात ठेवतात, त्यात काही चूक नाही, फक्त शेजारी महिना लिहा. पूर्वीची ऑपरेशनं, शुगर, बीपी, टीबी झाला होता का, तंबाखू-विडी किती वर्षं, घरात कोणाला असाच आजार होता का, हेही लिहा. सातपुड्याच्या भागातलं कुटुंब असेल तर सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का आणि तिचा निकाल काय, हे आवर्जून लिहा. ऑपरेशन किंवा भूल द्यायची झाली तर डॉक्टरांना ते आधी कळायला हवं.

औषधांच्या बाबतीत स्मरणशक्तीवर विसंबू नका. ‘सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ या प्रश्नाला ‘एक पांढरी बारीक आणि एक गुलाबी, रात्रीची’ हे उत्तर ओपीडीत रोज ऐकू येतं, आणि त्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या, नाव असलेला भाग कापून टाकलेला नसावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहा. आणि मुंबईला जायचं म्हणून कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता त्या दोन गोष्टी, ज्यांच्यासाठी सर्वाधिक फेऱ्या वाया जातात.

पहिली: गाठीचा तुकडा काढून तपासला असेल, म्हणजे बायोप्सी झाली असेल, तर छापील रिपोर्ट पुरत नाही. मोठ्या केंद्रातले डॉक्टर तो तुकडा स्वतः पुन्हा पाहतात. त्यासाठी काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, दोन्ही लागतात. ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथे जाऊन लेखी मागा. सही घेऊन देतात, कधी एखादा दिवस लागतो, म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर टाकू नका. स्लाइड प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा, नुसत्या कागदात गुंडाळल्या तर फुटतात. ब्लॉक मेणाचे असल्यामुळे वैशाखात बंद गाडीत, काचेजवळ ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापतं. ही डबी सामानात न टाकता हातातल्या पिशवीत न्या.

दुसरी: सीटी स्कॅन, एमआरआय किंवा पेट स्कॅन झालं असेल तर त्याची सीडी. रिपोर्टचा कागद म्हणजे तिथल्या डॉक्टरांचं मत, सीडीत प्रत्यक्ष चित्रं असतात आणि तज्ज्ञाला तीच बघायची असतात. सीडी मिळाल्यावर ती कॉम्प्युटरवर उघडते का, तिथेच बघून घ्या. रिकामी किंवा खराब निघाली तर स्कॅन पुन्हा करावं लागू शकतं, म्हणजे पुन्हा खर्च, आणि सीटी किंवा पेट असेल तर पुन्हा किरणं. एक्स-रेच्या फिल्म घडी घालून नेऊ नका.

पेशंटला काय सांगितलंय?

हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही, आणि नेमका हाच सगळ्यात अवघड असतो. आबांना ‘पोटात थोडी सूज आहे’ असं सांगितलेलं असतं. मोठ्या मुलाला सगळं माहीत, सुनेला अर्धं, आणि आईला काहीच नाही. मग परळला उतरल्यावर दारावरच्या मोठ्या पाटीवर नाव दिसतं, रांगेत शेजारी बसलेला अनोळखी माणूस सहज विचारतो, ‘कुठला कॅन्सर आहे तुम्हाला?’, आणि आबांना ते तिथे, परक्या गर्दीत कळतं.

घरच्यांनी लपवलं ते प्रेमापोटीच. पण मला मनापासून वाटतं, की ही गोष्ट घरातल्या माणसाच्या तोंडून, घरातच कळावी. सगळं एकदम सांगायची गरज नाही. ‘आबा, डॉक्टरांना गाठीची शंका आहे. साधी आहे की दुसरी, ते बघायला मुंबईला जायचंय. मी तुमच्यासोबत आहे,’ इतकं पुरतं. पुढचं त्यांनी विचारलं तर खरं सांगा, नाही विचारलं तर थांबा. अनेकदा आबांना आधीच अंदाज आलेला असतो आणि तेच घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून गप्प असतात. शिवाय पुढे संमतीपत्रावर पेशंटचीच सही लागते, आणि कशासाठी सही करतोय हे ज्याला ठाऊक नाही त्याची अवस्था फार वाईट होते.

सोबत कोण जाणार

दोघं. पाच नाही. एकाने सतत पेशंटजवळ बसायचं, दुसऱ्याने रांगा, पैसे, रिपोर्ट बघायचे. पेशंट बाई असेल तर जवळ बसणारी बाईच हवी, ताई, वहिनी, सून, कोणीही. तपासणीच्या वेळी आणि त्रास मोकळेपणाने सांगताना तिचा आधार होतो. मुंबईत राहणारा पाहुणा मदतीला आला तर छान, पण त्याची नोकरी असते, सगळा भार त्याच्यावर टाकून निघू नका.

भाषेचंही बघा. मुंबईच्या ओपीडीतले तरुण डॉक्टर देशभरातून आलेले असतात. काहींना मराठीही जेमतेम येते, तिथे ‘मना पोटमा दुखस’ कसं कळणार? अहिराणी बोलणाऱ्या आजीसोबत किंवा धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पावरी, भिली बोलणाऱ्या पेशंटसोबत हिंदी नीट बोलणारा एक जण हवाच. मात्र त्याने पेशंटचं उत्तर जसंच्या तसं सांगावं. पेशंट म्हणतो ‘खूप दुखतं’ आणि सोबतचा म्हणतो ‘तसं काही विशेष नाही’, असं होऊ देऊ नका.

पैसे आणि योजना

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना 2012 साली राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला धुळे जिल्हा होता. आता ती राज्यभर आहे आणि वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. तीन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. एक, योजनेत असलेल्या रुग्णालयातच ती चालते, म्हणून जायचं रुग्णालय आणि तुमचा उपचार त्यात बसतो का, हे निघण्याआधी 155388 या टोल-फ्री नंबरवर विचारा. दोन, आधी मंजुरी, मग उपचार. स्वतः पैसे भरून नंतर परत मिळतील या भरवशावर राहू नका. तीन, ओपीडीतल्या सुरुवातीच्या तपासण्यांचा खर्च सहसा स्वतःच करावा लागतो. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या कामात मदत करणारी माणसं, बसतात, आत गेल्यावर त्यांचं टेबल शोधा. आयुष्मान कार्ड असेल तर तेही घ्या. नंदुरबार-नवापूरहून सुरतला जाणाऱ्यांना ते उपयोगी पडतं, कारण ते राज्याबाहेरही चालतं.

घरीच तपासायची गोष्ट म्हणजे रेशनकार्ड आणि आधार. पेशंटचं नाव रेशनकार्डावर आहे का? दोन्हीकडे सारखं आहे का? एकीकडे ‘सुमन’ आणि दुसरीकडे ‘सुमनबाई’, एवढ्यावरूनही मंजुरी अडकू शकते. फरक असेल तर तहसीलला जाऊन दुरुस्तीचं काम सुरू करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. मुंबई-पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, तिथे हा दाखला विचारतात.

रोख थोडी, बाकी खात्यात ठेवा. यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण 1 लाख असते, बँकेकडून खात्री करून घ्या आणि एटीएम कार्डही जवळ ठेवा. दवाखान्याच्या आवारात ‘लवकर नंबर लावून देतो’, ‘योजना पास करून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या हातात कागद देऊ नका, पैसे तर नाहीच.

केव्हा आणि कसं निघायचं

रविवारी रात्री किंवा सोमवारी रात्री निघा. गुरुवारी निघालात तर शुक्रवारी नाव नोंदवून होतं, आणि शनिवार-रविवार मुंबईत नुसते बसून काढावे लागतात. त्याआधी रुग्णालयाच्या वेबसाइटवर नोंदणी होते का ते बघा. टाटात ऑनलाइन नोंदणीची सोय आहे, तिथे जनरल आणि प्रायव्हेट असे दोन प्रकार असतात आणि दोन्हींचे दर फार वेगळे आहेत. आधी समजून घ्या, मग निवडा. वेगवेगळ्या आजारांच्या ओपीडीचे वार ठरलेले असतात, तेही बघून घ्या.

दोन काळ शक्यतो टाळा. गणपतीत लालबाग-परळला गाडी हलत नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी हिंदमाता भागात पाणी साचतं, लोकलही थांबतात. तारीख मिळाली असेल आणि पर्याय नसेल तर एक दिवस आधी पोचा.

भुसावळ, जळगाव, चाळीसगावकडच्यांना रेल्वेच बरी. अमरावती एक्स्प्रेससारखी रात्रीची गाडी पकडली की पहाटे दादरला उतरता येतं. शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊ नका, परळला दादरच जवळ. रिझर्व्हेशन 60 दिवस आधी सुरू होतं, पण दवाखान्याचं काम ऐनवेळीच निघतं. मग तत्काळ, आदल्या दिवशी सकाळी, एसीसाठी 10 आणि स्लीपरसाठी 11 वाजता. पेशंटसाठी खालचा बर्थ मागा. पहाटे दादरला उतरून आजारी माणसाला लोकलमध्ये चढवू नका, टॅक्सी करा. धुळे-नंदुरबारकडून एसटीने जाणार असाल तर महिलांना अर्धं तिकीट आणि 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास आहे, आधार कार्ड हाताशी ठेवा.

कर्करोगाच्या पेशंटला रेल्वेत मोठी सवलत आहे: स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटला 100 टक्के, सोबतच्या एकाला 75 टक्के. त्यासाठी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. पहिल्या जाण्याला तो बहुधा नसतो, म्हणून तिथून निघण्याआधी मागून घ्या. किडनी, हृदयाचं ऑपरेशन, थॅलेसेमिया यांनाही सवलती आहेत.

सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्याच, दोन दिवस टिकतात आणि पेशंटच्या तोंडाला चव राहते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात तापू देऊ नये आणि थेट बर्फालाही टेकवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डबीत ठेवलं तरी प्रवास निभतो.

राहायचं कुठे

किमान आठवड्याच्या तयारीने जा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, आणखीही काही सोयी आहेत. पण बहुतेक ठिकाणी रुग्णालयाचा फाईल नंबर किंवा चिठ्ठी लागते आणि जागा रिकामी असावी लागते. म्हणून पहिल्या एक-दोन रात्रींची सोय स्वतः करा: पाहुण्यांकडे किंवा साध्या लॉजवर. फाईल निघाल्या दिवशीच रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. राहण्याची चिठ्ठी, आर्थिक मदत, लहान मुलांच्या पेशंटसाठीच्या संस्था, हे सगळं तिथे बसलेल्या समाजसेवकांना माहीत असतं. संकोच करू नका, ते त्यांचं कामच आहे.

तिथला दिवस

लवकर पोचा, पण पेशंटला उपाशी ठेवून नाही. रक्त तपासणी किंवा सोनोग्राफीसाठी उपाशीपोटी यायला सांगितलं असेल तरच उपाशी, आणि शुगरच्या पेशंटने गोळी किंवा इन्सुलिनचं काय करायचं हे आधीच विचारून ठेवायचं. इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन करायचं असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्त तपासणीचा, रिपोर्ट मागतात, कारण त्या औषधाचा भार किडनीवर पडतो. किडनीचा त्रास असेल किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तिथल्या माणसाला आपणहून सांगा.

डॉक्टरांसमोर वेळ थोडा मिळतो. आधी ज्युनिअर डॉक्टर सगळी हकीकत विचारतात, मग मोठे डॉक्टर येतात. ज्युनिअरला टाळून ‘मोठ्या साहेबांनाच सांगतो’ म्हणू नका, लिहून घेतात ते हेच. प्रश्न कागदावर लिहून न्या आणि महत्त्वाचा आधी विचारा. आजार नेमका काय आणि कुठपर्यंत पोचला आहे? पुढे कोणते मार्ग आहेत? उपचार नाही केले तर काय होईल? किती दिवस लागतील, त्यातले मुंबईत किती? खर्च किती आणि योजनेत किती बसतो? उत्तरं तिथेच लिहून घ्या. समजलं नाही तर ‘साहेब, पुन्हा एकदा सांगा’ म्हणा. शेतीचं काही अडत असेल, केळीची कटाई किंवा कापसाची वेचणी तोंडावर असेल, तर तेही सांगा. पंधरा दिवस थांबता येईल की नाही हे डॉक्टरच सांगू शकतात. गावी परत जाऊन आपापसात ठरवून तारीख चुकवणं मात्र महागात पडतं.

निर्णय त्याच दिवशी नाही झाला तर घाबरू नका. कर्करोगात सर्जन, किमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात, त्याला रिपोर्ट सगळे यावे लागतात.

निघण्याआधी एक विचारणा

‘यातलं काही आमच्याकडे होईल का?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय परतू नका. ऑपरेशन मुंबईत आणि किमोथेरपी नाशिक किंवा संभाजीनगरला, असं पुष्कळदा जमतं. 2012 साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली रुग्णालयं याचसाठी जोडली आहेत, की सगळीकडे सारख्या पद्धतीचे उपचार मिळावेत. उपचारांचा आराखडा लिहून मागा, औषधांची नावं आणि डोस वाचता येतील असा. पुढची तारीख, कोणत्या इमारतीत, कोणत्या ओपीडीत, हे फाईलवर लिहून घ्या. कोणता त्रास झाला तर वाट न बघता दवाखान्यात जायचं, तेही विचारा: किमोनंतर ताप आला तर तो अंगावर काढायचा नसतो.

गावी आल्यावर नव्या कागदांचे फोटो काढा आणि मूळ फाईल घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटून या. रात्री-अपरात्री काही झालं तर पहिल्यांदा दार त्यांचंच वाजवायचंय, तेव्हा मुंबईत काय ठरलं हे त्यांना आधीच ठाऊक असू द्या.